पाटी कुठं लागणार?

आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात देवळासाठी पैसे मागायला कुणाला संकोच वाटत नाही आणि द्यायला कुणी मागं सरत नाही. जत्रा असो, पालखी असो, नवा कळस असो, गावकीची बैठक बसते, कुणीतरी उठून पहिला आकडा बोलतो, त्याच्याच भावकीतला दुसरा त्याहून हजाराने जास्त बोलतो आणि चहा येईपर्यंत निम्मी रक्कम जमलेली असते. आगरी माणूस हात आखडता घेत नाही. हळदीला घेत नाही, तर देवाला कुठून घेईल? अडचण सुरू होते ती "नवं काही बांधायचं नाही, आहे तेच सांभाळायचं आहे" असं म्हटल्यावर. मग सगळे एकमेकांकडे बघतात. आणि मागून कुणीतरी विचारतो, "मग पाटी कुठं लागणार?"

प्रश्न चेष्टेचा नाही. खांबाला पैसे दिले की खांबावर नाव येतं. फरशीला दिले की फरशीवर. पंखा दिला तर पात्यांवर लाल ऑईल पेंटने "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहून मिळतं, पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी. पण तडा बुजवला तर नाव कुठं घालणार? गळती थांबवायला दिलेल्या पैशाचं दर्शन कसं घडवणार? ज्या कामाचं यश म्हणजे काहीही बदललेलं न दिसणं, त्या कामासाठी वर्गणी काढणं हा वेगळाच उद्योग आहे, आणि गावाने तो माझ्या गळ्यात घातला. कारण एवढंच की औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत मी जन्मभर हिशेब लिहिले होते आणि नुकताच निवृत्त होऊन घरी बसलो होतो. गावात रिकामा दिसणारा माणूस फार दिवस रिकामा राहत नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. भांडणं अजून ताजी आहेत.

तसं सांगायला गावाकडे उरलंय तरी काय? 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आलं आणि ठाणे, पनवेल, उरण मिळून 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, उरलं ते गावठाण. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्या संघर्षातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची योजना आली. भूखंड मिळाले, काही विकले गेले, हातात पैसा आला. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं, आणि ते गावात फारसं कुणाला आवडत नाही. आमच्याकडची जुनी देवळं गरिबीत टिकली. दुष्काळात, इंग्रजांच्या काळात, गिरणी संपात, पदरी काही नसताना लोकांनी कौलं शाकारून, वासे बदलून ती उभी ठेवली. ती पडली ती पैसा आल्यावर. आसपासच्या गावांत पाहिलं तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सागवानी सभामंडपाच्या जागी आरसीसी स्लॅब, दगडी गाभाऱ्याला बाथरूमच्या टाईल्स आणि वर फायबरचे सिंह. जुन्या वास्तूचा खरा वैरी पाऊस नाही. एकरकमी देणगी देणारा भला माणूस हा आहे.

आमच्याकडेही तो आलाच. गावचाच, बांधकाम व्यवसायात चांगलं नाव काढलेला, मनाने मोकळा. म्हणाला, सगळा खर्च माझा, देऊळ पायापासून नवं करू, राजस्थानातून दगड आणू, आत टाईल्स लावू. बैठकीत टाळ्या पडल्या. त्याने सुचवलेल्या ठेकेदाराचं अंदाजपत्रक आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त होतं. शेवटच्या पानावर एक ओळ होती: जुनं लाकूड व कौलं ठेकेदार स्वखर्चाने उचलून नेईल. हिशेबाच्या माणसाची नजर अशाच ओळीवर अडते. सभामंडपाला आठ खांब, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारे, सरळ एकसंध सागाचे. वर तुळया, आढं, वासे. जुन्या सागवानाला आज फार्महाऊसवाल्यांकडून काय भाव मिळतो याची मी भिवंडीच्या वखारीत चौकशी केली आणि आकडा बैठकीत वाचून दाखवला. आवळा देऊन कोहळा काढणं कशाला म्हणतात ते मग कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. देणगीदाराचा यात काही हात नव्हता, त्यालाही ते तेव्हाच कळलं. पण त्या दिवशीचं खरं भाषण एका म्हातारीने केलं. बायका मागे बसतात, तिथून तिने विचारलं, "टाईल्स लावून देवाची काय मोरी करताव?" त्यानंतर टाईल्सचा विषय निघाला नाही.

तर देऊळ पाडायचं नाही, एवढं ठरलं. करायचं काय, हे ठरलं नव्हतं. यादीत चार गोष्टी होत्या: देवळाचा मंडप आणि गाभारा, समोरची दीपमाळ, तळ्याचा दगडी घाट आणि तळ्याकाठी पालथा पडलेला एक कोरीव दगड. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आमच्या देवळावर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची निळी पाटी नाही, राज्याचीही नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराला ते कवच आहे. शके 982, म्हणजे 1060 चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं ते देऊळ, त्याच्या 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये करायचं तर परवानगी लागते. आमचं देऊळ ठेवायचं की पाडायचं हे व्यवहारात गावकीच ठरवते. म्हणजे राखणही वर्गणीतूनच. एकाने विचारलं, असं वर्गणी काढून जुनं कुणी दुरुस्त केलंय का कधी? तेव्हा मी त्याला ठाण्याच्या तलावपाळीवर नेलं. कौपिनेश्वराचं मंदिर 1760 च्या सुमारास पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधलं हे ठाणेकर सांगतात. 1879 मध्ये तिथल्या रहिवाशांनी वर्गणी गोळा करून त्याची डागडुजी केली हे तितकं कुणी सांगत नाही. बांधणाऱ्याचं नाव राहतं, दुरुस्त करणारे सगळे "रहिवासी" होऊन जातात. रायगडावरच्या शिवसमाधीसाठी टिळकांनी 1895 मध्ये निधी उभारायला घेतला आणि प्रत्यक्ष काम पुरं व्हायला 1926 उजाडलं. टिळकांना तीस वर्षं लागतात, तर आम्हाला तीन लागली म्हणून ओरडायचं कारण नाही, असं मी पुढे प्रत्येक बैठकीत ऐकवत आलो.

पैसे मागायच्या आधी पैसे घेण्याची लायकी सिद्ध करावी लागते. आमचा ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला होता खरा, पण नोंदीतले सगळे विश्वस्त केव्हाच वारले होते. त्यांच्या जागी आलेल्यांचा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे कुणी भरलाच नव्हता, त्यामुळे कागदोपत्री आमचं देऊळ स्वर्गवासी मंडळी चालवत होती. खातं गोठलेलं. 80 जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी, तीही नाही. 80 जी नसलं की पगारदार देणगीदार दोन पावलं मागं जातो, आणि असलं तरी दोन हजारांच्या वर रोख दिली तर त्याला सवलत मिळत नाही, म्हणजे चेक नाहीतर क्यूआर कोड. कंपन्यांचं तर वेगळंच. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत ऐतिहासिक वास्तूंचं जतन स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के तिकडे जाऊ शकतात. पण पैसे घेणाऱ्या संस्थेकडे 12 ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट), 80 जी आणि सीएसआर-1 (कंपन्यांचा असा पैसा घेण्यासाठी) अशा नोंदण्या लागतात. आमच्या गावाभोवती कंपन्याच कंपन्या, आणि गावाला त्यांच्या दारात उभं राहायला कागद नाही! हे कागद गोळा करण्यात जो वेळ गेला त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. झेरॉक्सवाल्याचं भलं झालं.

कागद झाल्यावर मुंबईहून एक संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या आर्किटेक्ट बाई आल्या. त्यांनी मंडपात सतरंजी अंथरून झोपूनच घेतलं आणि बराच वेळ वर आढ्याकडे बघत राहिल्या. पोरं हसली. उठल्यावर म्हणाल्या, आधी मापं, नकाशे, फोटो, कुठे ओल आहे त्याची नोंद. हे झाल्याशिवाय एक खिळाही काढायचा नाही. आणि या कामाची फी सांगितली. फी रास्त होती, पण कागदासाठी वर्गणी? कळसाला मिळते, भंडाऱ्याला मिळते, नकाशाला कोण देणार? माझा निम्मा उत्साह इथं मावळला होता. तो खर्च उचलला गावातल्या बायकांच्या बचत गटाने. आगरी-कोळी महोत्सवात त्यांचा स्टॉल असतो, तांदळाच्या भाकऱ्या, भरलेली चिंबोरी, सुकटीची चटणी. तिथली त्या साली आलेली कमाई त्यांनी पाकिटात घालून आणून दिली आणि अट घातली: नकाशाची एक मोठी प्रत आमच्या मंडळात फ्रेम करून लावायची. देऊळ कसं उभं आहे ते आम्हालाही बघू दे. आज त्या फ्रेमपुढे उभं राहून कुठला वासा कुठे जातो ते बोट ठेवून सांगणाऱ्या बायका गावात आहेत. माझ्या मते गावात जमलेला सगळ्यात मोलाचा पैसा तो.

बाकीचा पैसा घरटी आला. मोठ्या देणगीची मर्यादा आम्ही ठरवून टाकली, म्हणजे कुणा एकाला "माझ्या पैशाने होतंय, माझ्या मनासारखं करा" म्हणता येऊ नये. तो पहिला देणगीदारही इतरांइतकेच देऊन मोकळा झाला, थोडा खट्टू होऊन. वर्गणीला निघालं की गाव नव्याने कळतं. ज्याच्या चार मजली इमारतीत खाली दुकानं आहेत तो "पुढच्या महिन्यात या" म्हणतो, आणि खाडीत जाळं टाकून जगणारा घरात जाऊन डब्यातले पैसे आणतो. हे अपेक्षितच होतं, त्यात नवल नाही. नवल भाडेकरूंचं. आमच्या गावठाणात आता गाववाल्यांपेक्षा भाडेकरू जास्त. साताऱ्याचे, बीडचे, उत्तर प्रदेशातले. त्यांच्याकडे वर्गणी मागायची का यावर तासभर खल झाला. काहींचं म्हणणं, पैसे घेतले की बोलायचा हक्कही द्यावा लागेल. बरोबरच होतं ते, आणि म्हणूनच घ्यायला हवे होते. शेवटी पावती पुस्तक त्यांच्याही दारात गेलं. तळ्याच्या घाटावर संध्याकाळी बसतं कोण? तेच. आमची पोरं मॉलमध्ये जातात. पावती हातात आलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून येता-जाता कामाकडे बघतो, गवंड्याला विचारतो, "हे असं का?" आणि हा प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकायला लागणाऱ्या गवंड्याला चुकारपणा करता येत नाही.

गवंडी मिळणं हाच एक उद्योग. भिंत बांधणारे ढिगाने, चुन्यात हात घालणारा दुर्मीळ. किल्ल्यांच्या डागडुजीवर काम केलेली दोन माणसं शेवटी मिळाली. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आणली, टाकीत पाण्यात विरवली, तिचा जो फसफसाट आणि वाफ, ते बघायला शाळा सुटल्यासारखी पोरं जमली. मग तो चुना भिजत पडून राहिला. वाळू, विटेची सुरखी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. बेलफळाचं ऐकून गावातल्या भाविकांना बरं वाटलं, त्यांनी पोत्याने फळं आणून दिली. कामाला सुरुवात दिवाळीनंतर आणि थांबायचं वैशाखात, कारण आमच्याकडचा पाऊस आणि खाडीवरचा खारा वारा चुन्याला बसू देत नाही. दगडांमधल्या दरजा या चुन्याने भरल्या की त्यावर ओलं गोणपाट. हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषत चुना महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं घट्ट होत जातो.

"सिमेंटने आठ दिवसांत होईल," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचं उत्तर पाठ झालं. सिमेंटचा गिलावा म्हणजे दगडाला घातलेला रेनकोट. बाहेरचा पाऊस अडतो, पण आतला घाम जायला वाट नसते. पायातून चढलेली ओल दगडातूनच बाहेर पडायला बघते, सोबतचे क्षार पृष्ठभागाशी साठून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. गाभाऱ्याच्या उत्तरेच्या भिंतीवर कुणीतरी पूर्वी केलेला सिमेंटचा हात छिन्नीने उतरवला तेव्हा मागचा दगड नखाने खरवडून पडत होता. ते मी संशय घेणाऱ्या प्रत्येकाला नखाने खरवडून बघायला लावलं. भाषणापेक्षा ते जास्त पटलं.

पैसा थेंबाथेंबाने येत होता याचा फायदा इथं झाला. सगळा एकदम असता तर आम्ही दीपमाळेपासून सुरुवात केली असती, कारण ती रस्त्यावरून दिसते. हाताशी थोडकेच होते म्हणून आर्किटेक्ट बाईंनी सांगितलेला क्रम पाळावा लागला: आधी छपराचं पाणी, मग पायाशी साचणारं पाणी, मग तडे, आणि दिसणारं सगळं शेवटी. कौलं उतरवली तर काहींच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचे उठावदार शिक्के. बासेल मिशनने 1865 मध्ये तिकडे कौलांचा कारखाना काढला आणि कोकणातली किती छपरं त्या लाल कौलांनी झाकली! फुटलेली बाजूला काढली, धड होती ती परत चढवली. कमी पडलेली गावातल्याच पाडलेल्या घरांच्या मागच्या अंगणांतून निघाली. लोकांनी ती तुळशीभोवती, कोंबड्यांच्या खुराड्यावर, जपून म्हणा किंवा विसरून म्हणा, ठेवली होती.

गाभाऱ्याच्या शिखरावर पिंपळ होता. मूळ दोन दगडांच्या मधून आत शिरून पार कोनाड्यात उतरलेलं. वरून छाटला की तो दुप्पट जोमाने फुटतो, म्हणून मुळासकट मारायला हवा. आणि पिंपळ मारायला कुणी तयार होईना. बिगारीसुद्धा कोयता खाली ठेवून बसला. भगताला विचारू, पुजाऱ्याला विचारू, असं करता करता महिना गेला. मग कुणीतरी वाट काढली. जेवढं मूळ सांभाळून निघेल तेवढं काढायचं आणि पिंपळाला तळ्याच्या पलीकडे मोकळी जागा द्यायची. तसं केलं, नारळ फोडला, तो तिथं जगलाही. उरलेल्या मुळाचं काय करायचं ते आर्किटेक्ट बाईंनी केलं, त्या दिवशी गावातलं कुणी बघायला आलं नाही.

आता तो दगड. पालथा असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर कपडे आपटले गेले. उलटा केला तर वर चंद्र-सूर्य, मध्ये सपाट भाग, खाली गाढव आणि बाई. गद्धेगाळ. बघायला जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावला आणि पोरांनी मोबाईल बाहेर काढले, तेव्हा एका जाणत्याने अंगावरचं उपरणं काढून दगडाच्या खालच्या भागावर टाकलं. कुणी आयाबायांनीच तो एके काळी पालथा घातला असावा असं मला वाटतं. ठाणे जेव्हा श्रीस्थानक होतं, शिलाहारांचं राज्य होतं, त्या काळापासून असे दगड कोकणात उभे केले जात. राजाने किंवा अधिकाऱ्याने गाव, जमीन दान दिली की तिथं हा दगड: चंद्र-सूर्य असेतोवर हे दान चालेल, आणि जो ते मोडेल त्याच्या आईची ही गत. शाप वाचता न येणाऱ्यालाही कळावा म्हणून चित्रात कोरलेला. ज्या गावाची सगळी जमीन एका अधिसूचनेत गेली, त्याच्या तळ्याकाठी हा दगड तोंड खाली घालून पडलेला होता, यावर काय बोलायचं? म्हातारे काही बोलले नाहीत. एकाने नुसतं "दि. बां.च्या वेळेला सापडायला हवा होता" म्हटलं.

तो कुठं ठेवायचा यावर दोन तट पडले. उघड्यावर नको, लाज वाटते, असं एकांचं. पुराव्याचा दगड लपवायचा कशाला, असं दुसऱ्यांचं. सध्या तो देवळाच्या आवारात, चौथऱ्यावर, पाठ भिंतीला लावून उभा आहे आणि शेजारी दोन ओळींची माहिती आहे. योगायोगाने आमची हिशेबाची बैठक बरोबर त्याच्यासमोर बसते. माझं ऐकाल तर प्रत्येक संस्थेच्या खजिनदारासमोर असा एक दगड असावा. ऑडिटरपेक्षा स्वस्त पडतो.

दीपमाळ सगळ्यात शेवटी झाली. तिला चंदेरी ऑईल पेंटचे इतके थर होते की कोनाड्यांच्या कडा बुजल्या होत्या. मशीनने वाळूचा मारा करून तासाभरात निघेल असं एकाने सुचवलं. त्याने रंगाबरोबर दगडाचं कातडंही गेलं असतं. पोरांनी सुट्टीच्या दिवशी मऊ ब्रशने थोडा थोडा काढला. खालून काळा बेसाल्ट निघाला तेव्हा एक गृहस्थ चिडून म्हणाले, "एवढे पैसे खर्च करून काळं केलंत?" त्यांची समजूत अजून पटलेली नाही.

पाटीचा प्रश्न आम्ही असा सोडवला की नावं वहीत घातली. जाड, कापडी बांधणीची वही, देवळात ठेवलेली, आत प्रत्येक घराचं आणि प्रत्येक भाडेकरूचं नाव, रक्कम न लिहिता. सगळ्यांना पटलं असं नाही. संगमरवराची सर वहीला नाही, हे मलाही मान्य आहे. पण भिंतीला भोकं पडली नाहीत.

खरी कसोटी आता आहे. काम संपलं म्हणून लोकांनी पावती पुस्तक मिटलं, आणि छपराची पन्हळ दर वैशाखात साफ करावी लागते, कौलं चाळावी लागतात, पिंपळाचं रोप पुन्हा कुठे फुटलं का ते बघायला शिडी लावावी लागते. याला दर वर्षी पैसे लागतात आणि याला कुणी देणगीदार नसतो. घरटी वर्षाला शंभर रुपये असं मी सुचवलं, त्यावर "शंभरासाठी कोण दारोदार फिरणार?" असा रास्त प्रश्न आला. बचत गटाच्या बायका म्हणताहेत की पाणीपट्टीसारखं वसूल करू, आमच्याकडे द्या. पुढची पिढी म्हणतेय, ॲपवर टाका. तोवर जत्रा आली आहे आणि वाद वेगळाच पेटलाय: दीपमाळेवर एलईडीच्या माळा सोडायच्या की यंदा खरे दिवे लावायचे. तेल कोण देणार आणि वारा सुटला तर पेटवत कोण बसणार, यावर काल रात्री उशिरापर्यंत बैठक चालली. माळ लावली तरी खिळा ठोकायचा नाही, एवढं एकमताने मंजूर झालंय. बाकीचं रविवारी.